आधी प्रयोजन, मग मजले
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या मंडळाची तीन मजली जुनी वास्तू उतरवून तिच्या जागी बावीस मजली इमारत उभारावी, असा प्रस्ताव कार्यकारी समितीपुढे आला आहे. त्या निमित्ताने चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, ती मी शिरसावंद्य मानतो. उंच इमारतींना माझा विरोध नाही. मात्र मजले किती, हा प्रश्न दुसरा असून त्या मजल्यांवर कोण व कशासाठी वावरणार, हा प्रश्न पहिला आहे, एवढेच मला नम्रपणे निवेदन करावयाचे आहे.

जिना चढण्याची माणसाची शक्ती हीच पूर्वी इमारतीच्या उंचीची मर्यादा होती. दोर तुटला तरी पाळणा खाली कोसळू नये, अशी युक्ती एलिशा ओटिस याने १८५४ साली न्यूयॉर्क येथे लोकांना करून दाखविली. आणि १८८५ साली शिकागो शहरात लोखंडी-पोलादी सांगाड्याची दहा मजली ‘होम इन्शुरन्स बिल्डिंग’ पुरी झाली. ती कचेऱ्यांची इमारत होती. महाग जमिनीवर अधिक कचेऱ्या मावाव्यात, हे तिचे प्रयोजन. ते तिने उत्तम रीतीने साधले. परंतु जेथे लेकरे वाढावयाची आणि वृद्धांनी विसावा घ्यावयाचा, त्या वास्तूची कसोटी निराळी असते.

आपल्या मुंबईतीलच दोन उदाहरणे पाहा. १९१५ साली गावदेवी येथे सारस्वत बांधवांनी श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने सहकारी गृहसंस्था स्थापन केली. शहरात आलेल्या मध्यमवर्गीय कुटुंबांना परवडेल असे घर मिळावे, हा तिचा हेतू; राहणारे आणि कारभार पाहणारे एकच होते. याउलट, १९२० नंतर सरकारच्या विकास खात्याने कामगारांसाठी वरळी, नायगाव, शिवडी आदी ठिकाणी चाळी बांधल्या. तळमजल्यावर तीन मजले आणि १६० चौरस फुटांची खोली. तेथे कामगारांचा विचार कोणी पुरता घेतला नव्हता; म्हणून प्रारंभीची कित्येक वर्षे पुष्कळ खोल्या रिकाम्या पडून राहिल्या. पुढे त्या भरल्या आणि लांबच लांब गॅलरीने त्या खोल्यांचा शेजार घडविला. आता तेथे उत्तुंग इमारती उभ्या राहत आहेत; ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. हा लाभ कोणीही कमी लेखू नये. मात्र गॅलरीने जे काम आपसूक केले, ते उंच इमारतीत योजनापूर्वकच करावे लागते, हेही विसरू नये.

आता आपल्या वास्तूकडे वळू. खेड्यापाड्यांतून शिक्षणासाठी येणाऱ्या आपल्या मुलामुलींना आसरा मिळावा, औषधोपचारासाठी आलेल्या बांधवाला चार रात्री पाठ टेकता यावी आणि गरिबाघरचे मंगलकार्य अल्प खर्चात पार पडावे, यासाठी ती उभी राहिली. ती विश्वस्तांच्या हाती असली तरी विश्वस्तांच्या मालकीची नाही. म्हणूनच १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याच्या ३६ व्या कलमाने अशा स्थावर मालमत्तेच्या विक्रीस धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी आवश्यक मानली आहे.

तेव्हा माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, वसतिगृहाच्या आजच्या खोल्यांपेक्षा एकही खोली कमी होणार नाही, हे विकासकाशी होणाऱ्या करारातच लिहून घ्यावे. तोंडी आश्वासनावर विसंबू नये. दुसरी, सभागृह, वाचनालय आणि उतारूंच्या खोल्या तळमजल्यावर व पहिल्या मजल्यावरच असाव्यात. उद्वाहक बंद पडला म्हणून कोणा आजीबाईंना माघारी फिरावे लागू नये. तिसरी, उद्वाहक, पाण्याचे पंप आणि अग्निशमनाची यंत्रणा यांचा खर्च उंच इमारतीला दरमहा लागणारच. त्यासाठी विक्रीच्या उत्पन्नातून कायम निधी बाजूला काढावा, म्हणजे त्याचा भार विद्यार्थ्यांच्या शुल्कावर पडणार नाही.

या तीन गोष्टी मान्य झाल्यास बावीस काय, तीस मजले झाले तरी माझी हरकत नाही. त्या मान्य नसतील, तर जी उभी राहील ती इमारत दुसऱ्या कोणाची तरी असेल. तिच्या दर्शनी भागावर आपल्या मंडळाचे नाव तेवढे कोरलेले राहील. सर्वसाधारण सभेने मत देण्यापूर्वी याचा विचार करावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.