राबणे वाढले की मोजणे?

(पातूर येथील कार्यकर्ता अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



अर्थव्यवस्थेतील स्त्रियांचा वाटा वाढत असल्याचे सरकारी पत्रकांत वारंवार वाचावयास मिळते. आकडे खोटे नाहीत. केंद्राच्या श्रमबल पाहणीनुसार पंधरा वर्षे व त्यावरील ग्रामीण स्त्रियांचा श्रमबलातील सहभाग २०१७-१८ साली २४.६ टक्के होता. २०२३-२४ साली तो ४७.६ टक्क्यांवर गेला. सहा वर्षांत जवळजवळ दुप्पट! मग २०१७ साली पातूर-बाळापूरकडचा कापूस वेचत तरी कोण होते?

या आकड्याचे पोट उघडून पाहिले पाहिजे. काम करणाऱ्या ग्रामीण स्त्रियांत रोजंदारीवर असणाऱ्यांचे प्रमाण याच काळात ३१.८ टक्क्यांवरून १८.७ टक्क्यांवर आले, तर स्वयंरोजगारातील प्रमाण ५७.७ वरून ७३.५ वर गेले. 'स्वयंरोजगार' हा शब्द मोठा भारदस्त आहे. त्यात शंभरातील ४२ स्त्रिया 'घरच्या उद्योगातील मदतनीस' आहेत, म्हणजे घरच्याच वावरात बिनमजुरीने राबणाऱ्या. त्यांच्या हाती पैसा येत नाही. शिवाय पाणी, सरपण, स्वयंपाक व मुलेबाळे यांत ज्यांचा दिवस जातो, त्यांना ही पाहणी कामकरी मानतच नाही. वाढलेल्या सहभागाचे स्वागत जरूर करावे. पण श्रम वाढले की त्यांची नोंद वाढली, हे तपासल्याशिवाय टाळ्या वाजवू नयेत.

वऱ्हाडात तर पिकांनीच बायांच्या मजुरीचा हिशेब बदलला आहे. कपाशीत निंदणापासून वेचणीपर्यंतचे काम प्रामुख्याने स्त्रियांचे. बोंडे एकदम फुटत नाहीत, म्हणून वेचणी पुन्हा पुन्हा करावी लागते आणि दिवाळीनंतरचे कित्येक आठवडे हाताला काम राहते. कपाशीच्या वावरात सोयाबीन आले आणि हा हंगाम आखडला. सोंगणी उक्त्याने काही दिवसांत उरकते, पुढचे काम मळणीयंत्र करते. तणनाशकाने निंदणाचे दिवसही खाल्ले. खर्च वाचला म्हणून शेतकऱ्याला दोष देता येणार नाही, त्याचीही कोंडी आहेच. पण तो वाचलेला खर्च म्हणजे कोणाची तरी मजुरी होती, हे कृषी विभागाच्या कोणत्या तक्त्यात दिसते?

समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला. तेच तत्त्व २०१९ च्या वेतन संहितेत आले. कायद्याचा आधार 'समान काम' हा आहे. गावाने त्यावर जुनाच उपाय ठेवला आहे: फवारणी, वखरणी पुरुषांची, निंदण बायांचे. कामच वेगळे ठरविले की मजुरी वेगळी ठेवण्यास कायद्याची आडकाठी उरत नाही. महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेने, जिचा कायदा १९७७ साली संमत झाला, माती मोजून दाम देण्याची रीत घातली. खोदणारा हात बाईचा की पुरुषाचा, हे मापाला कळत नाही. दुष्काळी कामांवर स्त्रियांनी एवढी गर्दी केली, याचे एक कारण हे.

परंतु कळीचा प्रश्न सातबाऱ्याचा आहे. २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातील वहिती खातेदारांत स्त्रिया सुमारे १४ टक्केच होत्या. नाव नाही म्हणून पीककर्ज नाही, विमा नाही. २००६ साली पंतप्रधानांचे विशेष पॅकेज ज्या सहा जिल्ह्यांना मिळाले त्यांत अकोला होता. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नीला वारसाच्या फेरफारासाठी तलाठ्याकडे खेपा घालाव्या लागल्या, तेव्हा कुठे तिने आयुष्यभर कसलेल्या जमिनीवर ती शेतकरी ठरली.

शरद जोशी यांचे अर्थकारण समाजवाद्यांना कधीच पटले नाही. तरीही १९८६ च्या चांदवड अधिवेशनानंतर शेतकरी संघटनेने चालविलेला लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम, म्हणजे नवऱ्याने हयातीतच पत्नीच्या नावे जमीन करून देणे, हा उसना घेण्यास संकोच नसावा. पुढे शासनानेही पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याची सोय केली. पातूर तालुक्यातील किती गावांत, किती नावे लागली, याची यादी कार्यकर्त्यांनी येत्या पेरणीपूर्वी तलाठ्यांकडून घ्यावी आणि यादीची सुरुवात स्वतःच्या घरच्या सातबाऱ्यापासून करावी.