कोलोनिया देल साक्रामेंतो : एका नगराचा मोबदला



ज्युबिलीच्या ह्या मंगल प्रसंगीं आमच्या प्रवासांतील कांहीं सांगावें, अशी आपली आज्ञा झाली. पाहिलेल्या नगरांपैकीं ज्याचें नांवच परमपवित्र साक्रामेंतावरून पडलें, तें आज आम्ही निवडतों.

दक्षिण अमेरिकेंत उरुग्वे देशाच्या कांठीं रिओ दे ला प्लाता नांवाची नदी आहे. नांवाचा अर्थ चांदीची नदी. पाणी मात्र पावसाळ्यांतल्या आपल्या खाडीसारखें गढूळ. ब्युनोस आयरिसहून बोटीनें निघालों तों पैलतीर दिसेना. बऱ्याच वेळानें एक पांढरा दीपस्तंभ दृष्टीस पडला. तेंच कोलोनिया.

हें नगर पोर्तुगीजांनीं १६८० सालीं वसविलें. १७४५ सालच्या वेशींतून आंत शिरतांच आम्हां वसईकरांस घरीं आल्यासारखें वाटलें. तीच दगडी कमान, पाण्याच्या कडेनें गेलेला तसाच तट. ओबडधोबड फरसबंदीच्या मधोमध पावसाचें पाणी वाहून जाण्यास पन्हळ ठेवलेली; चालतांना पायांची परीक्षाच होते. दीपस्तंभ १८५७ सालचा, फ्रान्सिस्कन मठाच्या पडक्या भिंतींना लागून उभा. मुख्य देवळांत दारूगोळा सांठविलेला असतां १८२३ सालीं वीज पडली आणि मोठा भाग उडाला. देवळांत दारूगोळा ठेवण्याची बुद्धि कोणास झाली, देव जाणे! पुढें तें पुन्हां बांधलें.

१७३५ पासून स्पॅनिश सैन्यानें ह्या नगरास वेढा घातला होता. तो १७३७ सालीं उठला. त्याच वर्षीं इकडे मराठ्यांची वसईची मोहीम सुरू झाली. कोलोनिया वांचलें, वसई १७३९ सालीं पडली.

परंतु आमच्या मनास लागून राहिली ती गोष्ट निराळीच. १७५० सालीं माद्रिद येथें दोन्ही राजांनीं तह केला. पोर्तुगालनें कोलोनिया द्यावें आणि मोबदल्यांत उरुग्वे नदीच्या पूर्वेकडील सात गांवें घ्यावीं, असें ठरलें. हीं गांवें येशूसंघी धर्मगुरूंच्या देखरेखीखालीं ग्वारानी ख्रिस्ती लोकांनीं आपल्या हातांनीं उभारलेलीं. सुमारें ३० हजार माणसांस हुकूम झाला, घरें, शेतें, देवळें सोडून नदीपलीकडे जा! त्यांस कोणीं विचारलेंहि नव्हतें. पुष्कळांनीं नकार दिला, आणि दोन्ही ख्रिस्ती राजांचीं सैन्यें एकत्र होऊन त्यांच्यावर चालून गेलीं. १७५६ च्या फेब्रुवारींत त्यांचा पुढारी सेपे तियाराजू पडला. तीन दिवसांनीं कायबाते येथें सुमारें दीड हजार ग्वारानी मारले गेले. एवढें होऊन १७६१ सालीं तो तहच रद्द झाला! कोलोनिया पोर्तुगीजांकडेच राहिलें. स्पेननें तें अखेर १७७७ सालीं लढून घेतलें.

बोट सुटण्यापूर्वीं देवळांत घटकाभर गुडघे टेकले. बाहेर प्रवासी छायाचित्रें घेत होते. आम्हीं त्या सात गांवांचीं नांवें मनांत म्हटलीं : सान मिगेल, सान निकोलास, सान लुइस, सान लोरेन्सो, सान हुआन, सान बोर्हा, सांतो आंहेल. तितक्यांत बोटीची वेळ झाली.