चाव्या बाहेर ठेवा
(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला बजावलं आहे, "तुझ्या कामाबद्दल दहा मिनिटं बोल, पण आम्हाला कळेल असं बोल." प्रयत्न करते. नाही कळलं तर दोष माझा, विज्ञानाच्या बाईंचा नाही. बाई पहिल्याच रांगेत बसल्या आहेत, म्हणून आधीच सांगून टाकते.

नववीत बाईंनी आपल्याला अलिबागची चुंबकीय वेधशाळा दाखवायला नेलं होतं, आठवतंय? फाटकापाशी थांबवून म्हणाल्या होत्या, "चाव्या, घड्याळं, कंपासपेट्या बाहेर ठेवा." आपण हसलो होतो. मग त्यांनी गोष्ट सांगितली. मुंबईत कुलाब्याला १८४१पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चालत होती. पुढे शहरात विजेवरच्या ट्राम येणार असं ठरलं. त्या विजेने मोजणी बिघडली असती, म्हणून ट्राम सुरू होण्याआधीच, १९०४ साली, आपल्या अलिबागला नवी वेधशाळा झाली. इमारतीत लोखंड वापरलं नाही. आणि लगेच जुनी बंद करून नवी सुरू केली असंही नाही. दोन्हीकडची उपकरणं दोन वर्षं एकाच वेळी चालवून आकडे जुळतात का ते पाहिलं, मगच कुलाबा सोडलं. पोरवयात मला हा निव्वळ वेळकाढूपणा वाटला होता.

आता माझ्या विषयाकडे येते. रेवसच्या धक्क्याला लाँच लागली की काय होतं? सगळे एकदम निघतात, खांद्याला खांदा आपटतो, टोपल्या अडकतात. तारेत इलेक्ट्रॉनचं तसंच होतं. ते धडकतात, तार तापते आणि वीज वाया जाते. आता पंधरा ऑगस्टचं आपलं लेझीम पथक आठवा. पोरं तेवढीच, मैदान तेवढंच, पण सगळे एका ठेक्यात, म्हणून कोणी कोणावर आपटत नाही. काही पदार्थांत इलेक्ट्रॉन जोड्या लावून असे एका ठेक्यात चालतात. मग विजेला विरोधच उरत नाही. याला अतिवाहकता म्हणतात, इंग्रजीत सुपरकंडक्टिव्हिटी. आपल्यापैकी बरेच जण आता गुडघ्याचा नाही तर मणक्याचा एमआरआय करून आले असतील. त्या यंत्रातलं मोठं चुंबक याच गुणावर चालतं.

अडचण गोंगाटाची आहे. उष्णता म्हणजे अणूंची धडपड. त्या गोंगाटात ढोल ऐकू येत नाही, म्हणून पदार्थ गार करावा लागतो. गार म्हणजे बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्याइतका नव्हे. १९११ साली हॉलंडमध्ये कामरलिंग ओनस यांना हा गुण प्रथम पाऱ्यात सापडला, तो उणे २६९ अंशांना. आपण दहावी झालो त्या १९८७ साली तांब्याच्या ऑक्साइडचा एक पदार्थ निघाला, तो उणे १८० अंशांनाच अतिवाहक झाला. जगभर केवढा जल्लोष झाला तेव्हा! मांडव्याहून समोर दिसते त्या मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, २०१६ साली बिस्मथ धातूतही अतिवाहकता सापडली. मात्र त्यासाठी निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम अर्ध्या हजारांश अंशापर्यंत उतरावं लागलं.

मग काही जणांनी उलटा विचार केला. गोंगाट कमी होत नसेल तर बाहेरून ढोल वाजवला तर? हा ढोल म्हणजे प्रकाश. डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त लेसरचा झटका असा निवडायचा की पदार्थातले ठराविक अणूच नेमक्या लयीत हलावेत. जर्मनीत हॅम्बुर्गला आंद्रेआ कावालेरी यांच्या गटाने २०११पासून हे करून दाखवलं. जो पदार्थ त्या तापमानाला अतिवाहक नव्हता, त्यावर झटका पडताच तो क्षणभर तसा वागला. २०१४ साली तर साध्या खोलीच्या तापमानाला तशी खूण दिसली. टिकली किती? काही पिकोसेकंद. एका पिकोसेकंदात प्रकाशदेखील तिळाएवढं अंतर कापत नाही. नंतर कार्बनच्या फुटबॉलसारख्या रेणूंच्या एका पदार्थात तीच खूण त्याच्या हजारो पट जास्त टिकली.

तुम्ही म्हणाल, मग आमचं विजेचं बिल कधी कमी होणार? इतक्यात नाही. पण मला आज वेगळंच सांगायचं आहे. मी "खूण दिसली" म्हणते आहे, "अतिवाहकता आली" असं म्हणत नाही. त्या प्रयोगांत पदार्थावरून परतलेला प्रकाश तपासून अंदाज बांधलेला होता. तशी खूण दुसऱ्या कारणानेही दिसू शकते, अशी शंका जाणत्यांनी घेतली. अतिवाहकाची आणखी एक ओळख आहे, ती १९३३पासून माहीत आहे. तो चुंबकीय क्षेत्र आपल्या अंगातून बाहेर ढकलतो. पण पिकोसेकंदात चुंबकत्व मोजायचं कसं? त्याच गटाने पदार्थाला लागून दुसरा एक स्फटिक ठेवला, त्यातून जाणाऱ्या प्रकाशावरून क्षेत्र वाचलं आणि २०२४ साली दाखवलं की झटका पडताच क्षेत्र खरंच बाहेर ढकललं जातं. २०११ ते २०२४, तेरा वर्षं. तरी चर्चा संपलेली नाही, आणि ती संपू नये.

आता माझं. परदेशात एका प्रयोगशाळेत मी तीन वर्षांच्या करारावर होते. एका रात्री माझ्या नमुन्याने क्षेत्र बाहेर ढकलल्याचं दिसलं, तेही ज्या तापमानाला कोणी कल्पना केली नव्हती तिथे. हात थरथरत होते. प्रमुखांना फोन केला. दुसऱ्या दिवशी निबंधाचा मसुदाही सुरू झाला. मला मात्र झोप येईना. डोक्यात एकच वाक्य घुमत होतं, "चाव्या बाहेर ठेवा." तिसऱ्या रात्री मी नमुना काढून ठेवला आणि रिकामीच मोजणी घेतली. आकडा तसाच आला! मग नमुना धरणारा चिमटा उघडला. त्यात पितळी स्क्रूच्या जागी कोणीतरी पोलादी स्क्रू लावला होता.

सकाळी जाऊन सांगितलं. मसुदा थांबला. कोणी शाबासकी दिली नाही. वर्षअखेरीस करार वाढवला नाही, कारणही सांगितलं नाही. त्या वर्षी घरी पत्र लिहायला मला लाज वाटत होती. आई विचारायची, "गो, कधी येतेस?" मी उत्तर टाळायची.

पुढे दुसरीकडे काम मिळालं, आजवर निभावलं. माझ्या नावावर मोठा शोध नाही. जो झाला असता तो मीच खोडला. कधी वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण दहावीच्या प्रयोगवहीत मी शेजारणीचे आकडे उतरवले होते, तेव्हा बाईंनी पानावर लाल रेघ मारून म्हटलं होतं, "तुला जे दिसलं ते लिही, आणि दिसलं ते खरं आहे का ते पुन्हा बघ." ती वही आजही माझ्यापाशी आहे.

आज इथे विद्यार्थीही बसले आहेत. मुलांनो, तुमच्या फोनवर दर महिन्याला एखादा चमत्कार येईल. २०२३ साली कोरियातून असाच आला होता, खोलीच्या तापमानाचा अतिवाहक. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेसह जगभर तपासला गेला आणि तसा निघाला नाही. अशा वेळी पुढे पाठवण्याआधी एकच करा, नमुना काढून रिकामी मोजणी घ्या. आणि वेधशाळेपुढून जाल तेव्हा लक्षात ठेवा, दोन वर्षं आकडे जुळवत बसलेल्या माणसांनी वेळ घालवला नव्हता.

बाई, कंपासपेटी बाहेर ठेवली आहे.