एक चाक फिरते, एक बसते



इथे रेवदंड्याच्या खारपट्टीत पिकअप रुतते, तशीच आपल्या काळ्या रानात कापूस भरलेली रुतते. मागचे एक चाक गरगरते, दुसरे ढिम्म! साधे डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देते. निसरड्यावरचे चाक पेलेल तेवढाच दुसऱ्याला. लॉक दोन्ही चाके एकत्र जखडतो. ट्रॅक्टरला त्याचे पेडल असतेच. आपण ते चाक फिरत असताना दाबतो आणि दाते मोडतो. आधी थांबा, मग दाबा.

वर्षातून दोनदा रुतणाऱ्याने हा खर्च करू नये. फळी, दोर पुरे. रोजच चिखल तुडवणाऱ्याने हाताने लावायचा-सोडायचा लॉक घ्यावा. एक्सलचे दाते जुळवा, क्राऊन-पिनियनचा प्ले जाणत्या मिस्त्रीकडूनच बसवा. डांबरीवर वळण्याआधी लॉक सोडा. खाऱ्या पाण्यातून आलात तर तेल उघडून बघा. दुधाळ दिसले, तर त्याच दिवशी बदला.