रक्तदाब : रक्त काय सांगते?
(संस्थेच्या पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही. मराठी व इतिहास शिकविणारा शिक्षक आहे. तरीही आज आरोग्यावर बोलण्याचे धाडस करतो आहे, त्याला घरचेच कारण आहे. माझ्या वडिलांना रक्तदाबाचा विकार जडला. गोळ्या सुरू झाल्या, दाब उतरला, तसे वडील म्हणाले, "आता बरे वाटते, रोज गोळी कशाला?" घरात शिकलेला मीच, आणि मीच गप्प राहिलो. दोन वर्षांनी जिना चढताना त्यांना धाप लागू लागली, रात्री आडवे पडवेना. त्या वेळी तपासणीच्या कागदावर दोन नावे मी प्रथमच वाचली : ट्रोपोनिन आणि एनटी-प्रोबीएनपी. त्यांच्याविषयी जे समजून घेतले, ते आपणांसमोर ठेवतो.

रक्तदाब वाढला की हृदयाच्या डाव्या कप्प्याला अधिक जोर लावून रक्त ढकलावे लागते. कष्टाने पहिलवानाचा दंड फुगतो, तशी त्या कप्प्याची भिंत जाड होते. पण हृदयाचे हे जाड होणे काही बळ नव्हे. भिंत ताठर होते, तिला पुरेसे रक्त मिळत नाही आणि तिच्यातील पेशींना हळूहळू इजा होऊ लागते. गंमत अशी की, हे सारे चालू असताना माणसाला काहीही दुखत नाही!

ट्रोपोनिन हे स्नायूंच्या आकुंचनावर नियंत्रण ठेवणारे प्रथिन. जपानी शास्त्रज्ञ सेत्सुरो एबाशी यांनी ते १९६०च्या दशकात शोधून काढले. हृदयाच्या पेशींना इजा झाली की त्यांतील ट्रोपोनिन रक्तात उतरते. हृदयविकाराच्या झटक्यात ते पुष्कळ वाढते. परंतु वर्षानुवर्षांच्या रक्तदाबाने ते थेंबाथेंबाने झिरपत राहते. आजच्या अतिसंवेदनशील चाचण्या ते नॅनोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या अब्जांश भागात मोजतात.

दुसऱ्या नावाची कथा मोठी मनोरंजक आहे. १९८१ साली कॅनडात अडोल्फो डी बोल्ड यांनी उंदरांच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क काढून दुसऱ्या उंदरांना टोचला. त्यांच्या लघवीवाटे पाणी व मीठ भराभर बाहेर पडले. हृदय हा नुसता पंप नाही, ती एक ग्रंथीही आहे, हे यातून उमगले. १९८८ मध्ये जपानी संशोधकांना तसाच पदार्थ डुकराच्या मेंदूत सापडला, म्हणून नावात 'ब्रेन' आला. पुढे कळले की तो मुख्यतः हृदयातच तयार होतो. पण नाव राहिले ते राहिलेच. हृदयाच्या भिंतीवर ताण आला की हा पदार्थ सुटतो आणि मूत्रपिंडांना जणू सांगतो, "मीठ-पाणी बाहेर टाका, माझा भार हलका करा." त्याच्यासोबत सुटणारा तुकडा म्हणजे एनटी-प्रोबीएनपी. तो रक्तात अधिक काळ टिकतो, म्हणून मोजायला सोयीचा.

याचा उपयोग काय? अमेरिकेत ५० वर्षांवरील ९,३६१ रक्तदाबाच्या रुग्णांचा 'स्प्रिंट' नावाचा अभ्यास झाला. त्याचा निष्कर्ष २०१५ मध्ये आला. मधुमेही त्यात नव्हते. एका गटाचा वरचा दाब १४०च्या खाली, तर दुसऱ्याचा १२०च्या खाली आणण्याचे ठरले. दुसऱ्या गटात हृदयविकार, पक्षाघात यांसारखे प्रसंग सुमारे एक चतुर्थांशाने कमी घडले. मात्र दाब फार उतरणे, घेरी येणे असे त्रासही त्यांना अधिक झाले. पुढे त्यांचे साठवलेले रक्त तपासले, तेव्हा ही दोन्ही द्रव्ये वाढलेल्यांना धोका सर्वांत जास्त दिसला. आणि कसून केलेल्या उपचाराचा लाभही त्यांनाच अधिक झाला. म्हणजे वाढलेला आकडा ही शिक्षा नव्हे, ती सूचना आहे. आम्हा शिक्षकांच्या भाषेत ही घटक चाचणी. वार्षिक परीक्षा अजून व्हायची आहे!

परंतु उद्याच प्रयोगशाळेत धावू नका. वय व मूत्रपिंडाचे विकार यांनीही हे आकडे वाढतात. लठ्ठ माणसात दुसरा आकडा फसवा कमी दिसू शकतो. चाचणी कोणाला हवी, हे डॉक्टरांनीच ठरवावे. आकडा चांगला आला म्हणून गोळी सोडणे, हा तर माझ्या वडिलांचाच मार्ग होय. छातीत दुखू लागले, तर मात्र चाचणीचा विचार करत बसू नका. थेट रुग्णालय गाठा.

गरिबाच्या आवाक्यातली पहिली तपासणी दंडाला पट्टा बांधण्याचीच आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात ती होते. तेव्हा पालकहो, आज गृहपाठ तुम्हाला : घरातील प्रत्येक प्रौढाचा रक्तदाब मोजून घ्या आणि वहीत तारखेसह लिहा. पापड, लोणचे, सुकी मासळी बेताने खा. दिवसाला सारे मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे. तंबाखू सोडा. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका.

माझे वडील आज आमच्यात आहेत, ही ईश्वराची कृपा. पण त्यांचे हृदय पूर्वीसारखे नाही. जिन्यावर ते मध्येच थांबतात. आता रोज रात्री माझी धाकटी मुलगी त्यांना विचारते, "गोळी घेतली का?" हा प्रश्न मी वेळीच विचारायला हवा होता. आपण तो आज घरी गेल्यावर विचारावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.