संगणकावरील आदेश आणि रुग्णाची ओळख
(विश्वस्त व देणगीदारांच्या वार्षिक सभेत रुग्णालय प्रशासकांनी केलेले भाषण)



डॉक्टरांची औषधयोजना आता कागदाऐवजी संगणकात नोंदविली जाते. अक्षर न लागण्याची अडचण त्यामुळे दूर झाली; परंतु नवी जोखीमही आली. यादीत पाटील आडनावाच्या दोन भगिनी लागोपाठ असतात आणि घाईत खालची ओळ निवडली जाते.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. रक्कम अचूक असूनही ती भलत्याच व्यक्तीच्या खात्यावर मांडली, तर तेरीज जुळते आणि चूक झाकली जाते. येथेही औषध बरोबर, मात्रा बरोबर. केवळ रुग्ण दुसरा. खातेवहीत दुरुस्तीची नोंद करता येते. शरीरात गेलेल्या औषधाची करता येत नाही.

आपल्या स्त्री-कक्षात एका भगिनीची रक्ततपासणी तिच्या नामसाधर्म्य असलेल्या शेजारणीच्या नावे नोंदली गेली होती. परिचारिकेने सुई टोचण्यापूर्वी पूर्ण नाव व गाव विचारले, म्हणून चूक तेथेच थांबली. सुदैवावर विसंबणे मात्र योग्य नव्हे.

रुग्णाच्या ओळखीसाठी किमान दोन खुणा पाहाव्यात आणि खोली क्रमांक ही खूण मानू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्येच सुचविले. न्यूयॉर्कच्या माँटेफिओरे वैद्यकीय केंद्रातील अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे २००९ या एका वर्षात चुकीच्या रुग्णावर सुमारे ५,२०० आदेश नोंदले गेल्याचा अंदाज निघाला. रुग्णाची ओळख पटवून घेण्याची सूचना पडद्यावर दाखविल्याने अशा चुका १६ टक्के घटल्या. आद्याक्षरे, लिंग व वय पुन्हा टंकण्याची सक्ती केल्यावर ४१ टक्के. काही क्षणांचा विलंब किती मोलाचा, हे यावरून दिसते.

शिरोळ, राधानगरी, निपाणीकडून येणाऱ्या भगिनींचे एका कागदावर माहेरचे नाव असते, तर दुसऱ्यावर सासरचे. अनेक वृद्धांना जन्मतारीख ठाऊक नसते. म्हणून पूर्ण नाव आणि रुग्ण-नोंदणी क्रमांक या दोन खुणांवर आपला भर आहे. "आपणच शांताबाई ना?" असे विचारले, तर कमी ऐकू येणारी आजी "होय" म्हणून जाते. यास्तव "आपले पूर्ण नाव सांगा" असेच विचारावे, अशी सूचना कर्मचाऱ्यांना दिली आहे.

आप्तजनांना विनंती, की वारंवार नाव विचारल्याचा राग मानू नये आणि मनगटावरील पट्टी काढू नये. देणगीदारांना विनंती, की यंत्रसामग्रीइतकेच या पट्ट्यांसाठी व कर्मचारी-प्रशिक्षणासाठीही साह्य करावे. या खर्चावर नामफलक लागत नाही. पण त्यानेच एखाद्या माउलीचे औषध तिलाच मिळते.