यंत्राचा पहारा आणि माणसाची जबाबदारी



आजचा विषय ऐकून कोणी म्हणेल, हा मुंबई-पुण्याच्या मोठ्या कचेऱ्यांचा प्रश्न. भूमला त्याचे काय? पण खव्याच्या भट्टीला दूध घालणाऱ्याचा पैसाही आता बँकेच्या खात्यातून फिरतो. खात्यामागे संगणक आला आणि संगणकामागे चोर आला. म्हणून हा प्रश्न आपलाही आहे.

पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक १९०६ साली स्थापन झालेली, जुनी व नामांकित. ११ ऑगस्ट २०१८ रोजी, दुसऱ्या शनिवारी, बँका बंद असताना तिच्यावर घाला पडला. बनावट कार्डांनी २८ देशांतून सुमारे ७८ कोटी रुपये आणि भारतातून सुमारे अडीच कोटी रुपये काढले गेले. सोमवारी, १३ तारखेला, आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात धाडले गेले. पुढे २०२३ साली पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरविले. पण ते बहुतेक पैसे काढणारे हात होते. चोरीमागचे डोके दूरच राहिले.

ही चोरी झाली कशी? एटीएममध्ये कार्ड घातले की ‘पैसे द्यावेत काय?’ हा प्रश्न मधल्या एका यंत्रणेमार्फत बँकेच्या मुख्य हिशेबाकडे जातो. चोरांनी वाटेत खोटी मधली यंत्रणा उभी केली. मुख्य हिशेबाला न विचारता तीच ‘द्या’ म्हणू लागली. पेटीतून पैसा जात होता आणि खातेवहीला त्याची खबर नव्हती.

येथेच आपल्या विषयाचा गाभा आहे. बाहेर गेलेला पैसा आणि वहीतली नोंद यांचा मेळ दर काही मिनिटांनी घालणे, हे कंटाळवाणे काम माणसाने सुटीच्या रात्री करीत बसावे ही अपेक्षाच चूक. यंत्राला कंटाळा नाही, झोप नाही, दुसरा शनिवारही नाही. त्या कामाला फार मोठी बुद्धीही लागत नाही. नेमून दिलेला नियम पुरतो.

कृत्रिम बुद्धिमत्ता याच्या पुढची पायरी. ती प्रत्येक खात्याची, प्रत्येक संगणकाची रोजची चाल शिकते आणि चाल बदलली की हाक देते. डिसेंबर २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेले ‘म्यूलहंटर’ हे साधन याच जातीचे आहे. चोरीचा पैसा फिरविण्यासाठी वापरलेली खाती ते व्यवहारांच्या चालीवरून हुडकते. मोठ्या संस्थांच्या सुरक्षा-कक्षात इशाऱ्यांचा पाऊस पडतो. त्यांतले पोकळ बाजूला सारून खरे वर आणणे, हे आज या बुद्धीचे सर्वांत उपयोगी काम होय.

मग सारा कारभार यंत्राच्याच हाती का देऊ नये? कारण यंत्राला चाल कळते, कारण कळत नाही. दिवाळीच्या तोंडावर पेढ्यांच्या व्यापाऱ्याची उलाढाल एकदम वाढली, तर यंत्राला ती चोरी वाटेल. ऐन हंगामात त्याचे खाते गोठले, तर मजुरांना पैसे कोण देणार? शिवाय हीच बुद्धी चोरालाही उपलब्ध आहे. पहारेकऱ्याला चकवावे कसे, याचा तोही अभ्यास करतो. म्हणून आमचे म्हणणे असे: थोडा वेळ थांबविण्याचा अधिकार यंत्राला द्यावा, कायमचे बंद करण्याचा अधिकार माणसाकडे ठेवावा, आणि त्या माणसाचे नाव आधी ठरलेले असावे.

कॉसमॉसच्या घटनेनंतर रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट घालून दिली. २०१९ च्या अखेरीस त्यांचे चार स्तर केले आणि सर्वांत वरच्या स्तराला सुरक्षा-कक्ष सांगितला. लहान संस्थांना असा कक्ष एकट्याने परवडत नाही. पण एकट्याला न परवडणारी गोष्ट दहाजणांनी मिळून करावी, यालाच तर आपण सहकार म्हणतो! पहाराही सहकाराने ठेवता येईल.

श्रोत्यांपैकी पुष्कळजण कुठल्या ना कुठल्या सहकारी संस्थेचे सभासद असतील. येत्या वार्षिक सभेत लाभांशाचा प्रश्न जरूर विचारा. पण त्याबरोबर आणखी एक विचारा: ‘सुटीच्या रात्री आपल्या पैशावर पहारा कोणाचा, आणि हाक आली तर उठणार कोण?’ ह्या प्रश्नाला स्पष्ट उत्तर मिळाले, तर यंत्रावरचा खर्च सार्थकी लागला असे समजावे.